लॅनिमिनेकची टेकडी : चुन्याच्या खाणी, लोहयुगातील तट आणि ऑफाचा बांध

पाथरवट :

नमस्कार मंडळी. जुन्या बांधकामातील दगड आणि चुना यांवर येथे पूर्वी चांगली चर्चा झालेली आहे, म्हणून हा विषय मांडतो आहे. गेली अकरा वर्षे मी नोकरीनिमित्त इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यात राहतो. घरापासून तासाभराच्या अंतरावर लॅनिमिनेक नावाचे गाव आहे आणि त्याच्या डोक्यावर त्याच नावाची टेकडी आहे. उंची जेमतेम २२६ मीटर, म्हणजे सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला तिला टेकडी म्हणतानाही संकोच वाटावा इतकी. पण या टेकडीने मला जेवढे शिकवले तेवढे फार थोड्या ठिकाणांनी शिकवले आहे.

गाव इंग्लंड आणि वेल्स यांच्या सीमेवर आहे, म्हणजे अक्षरशः सीमेवर. गावातून जाणाऱ्या मुख्य रस्त्याच्या एका बाजूची घरे इंग्लंडमध्ये आणि समोरची वेल्समध्ये येतात. वेल्श भाषेत ‘लान’ म्हणजे देवळाचे आवार आणि नावाचा उरलेला भाग भिक्षूंचा वाचक आहे, तेव्हा गावाचे नाव ‘भिक्षूंचे देऊळ’ अशा अर्थाचे होते. टेकडीही दोन देशांत विभागलेली आहे. माथ्यावर गोल्फचे मैदान आहे आणि त्याच्या अठरापैकी पंधरा जागा वेल्समध्ये, तर तीन इंग्लंडमध्ये आहेत. खेळणारा चौथ्या जागी वेल्समधून चेंडू मारतो आणि तो इंग्लंडमधल्या खळग्यात घालतो.

टेकडी चुनखडकाची आहे. सुमारे तेहेतीस कोटी वर्षांपूर्वी येथे उथळ, उबदार समुद्र होता आणि त्यातील शिंपल्यांचा, कवचांचा थर साचत साचत हा खडक झाला. खाणीच्या तळाशी पडलेला कोणताही मोठा धोंडा उन्हाकडे तिरपा धरून पाहिला, तर बोटाच्या पेराएवढ्या शिंपल्याची कड त्यात हमखास दिसते. ओल्या दिवशी पायवाटेवर इतक्या गोगलगायी असतात की पाऊल जपून टाकावे लागते. कवचासाठी लागणारा चुना त्यांना येथे पायाखालीच मिळतो. समुद्रातील जिवांनी जमवलेला चुना पुन्हा जिवाच्याच अंगावर चढलेला पाहताना मी दर वेळी थोडा थांबतो.

या खडकामुळे टेकडीवर तीन प्रकारचे मानवी काम झाले. पहिले तांब्याचे. टेकडीच्या पोटात ‘ओगोव्ह’ म्हणजे गुहा या नावाने ओळखली जाणारी तांब्याची जुनी खाण आहे. वाकड्यातिकड्या, अरुंद, एकमेकींत शिरलेल्या बोगद्यांची. लोहयुगात येथे तांबे काढून वितळवले जात होते याचे पुरावे मिळाले आहेत आणि रोमन काळातही येथे माणसांचा वावर होता. १९६५ साली या गुहेत हिंडणाऱ्या शाळकरी मुलांना तीसएक रोमन चांदीची नाणी सापडली होती.

दुसरे काम मातीचे. माथ्याभोवती लोहयुगातील दुर्गाचा तट आहे आणि त्याने वेढलेले क्षेत्र सुमारे ५७ हेक्टर, म्हणजे १४० एकर भरते. ब्रिटनमध्ये या प्रकारच्या दुर्गांत सर्वांत प्रसिद्ध असलेल्या डॉर्सेटमधील मेडन कॅसलचे क्षेत्र १९ हेक्टरांच्या आसपास आहे, यावरून लॅनिमिनेकच्या विस्ताराची कल्पना यावी. इतका मोठा परिसर तटाने वेढण्याचे कारण आतील तांबे हेच असावे, असे अभ्यासकांना वाटते आणि मलाही ते पटते. त्यानंतर कित्येक शतकांनी, आठव्या शतकात मर्शिया या मध्य इंग्लंडमधील जुन्या राज्याचा राजा ऑफा याच्या नावाने ओळखला जाणारा प्रचंड मातीचा बांध या टेकडीच्या पश्चिम कडेने गेला. बांधणाऱ्यांनी येथे नवा बांध घालण्याऐवजी जुन्या दुर्गाचाच तट वापरून घेतला. त्यामुळे पश्चिमेच्या कडेवर आपण ज्या उंचवट्यावरून चालतो, तो एकाच वेळी लोहयुगाचाही असतो आणि ऑफाचाही.

तिसरे काम चुन्याचे. टेकडीच्या पूर्व आणि दक्षिण अंगाला आज जे पांढुरके सरळ कडे दिसतात, ते निसर्गाचे नाहीत. खाणकामगारांनी पहार, हातोडा आणि सुरुंगाची दारू यांच्या बळावर टेकडीचा तेवढा भाग कापून नेला आहे. येथे चुना फार पूर्वीपासून भाजला जात होता, पण धंदा खरा वाढला तो १७९६ च्या सुमारास टेकडीच्या पायथ्याशी कालवा पोहोचल्यावर. खाणीतून भरलेल्या वाघिणी उताराच्या रुळांवरून खाली सोडत. दोर वरच्या मोठ्या लाकडी रहाटाला गुंडाळलेला असे, त्यामुळे उतरणाऱ्या भरलेल्या वाघिणींच्या वजनानेच रिकाम्या वाघिणी वर ओढल्या जात. इंजिन नाही, घोडा नाही. फक्त टेकडीचा उतार आणि ब्रेकवर हात ठेवून उभा असलेला एक माणूस. त्या रहाटाचे दगडी घर अजून उभे आहे. खाली वाघिणी मोजण्याची खोली आहे, तबेले आहेत आणि रस्त्याच्या खालून काढलेला छोटा बोगदा आहे, ज्यातून रूळ कालव्याच्या धक्क्यापर्यंत जात.

आणि तेथेच १८९९ च्या सुमारास बांधलेली हॉफमन पद्धतीची भट्टी आहे. अशा चुन्याच्या भट्ट्या ब्रिटनमध्ये तीनच उरल्या आहेत. दुसरी यॉर्कशरमध्ये लँगक्लिफला आणि तिसरी रेक्सहॅमजवळ मिनेरा येथे. त्या तिघींत धुराडे शाबूत असलेली एकटी लॅनिमिनेकची. ते सुमारे ४२ मीटर उंच आहे आणि गावात शिरण्यापूर्वीच झाडांच्या वर दिसू लागते. १९१४ साली हे काम बंद पडले.

येथपर्यंत माहिती झाली. आता मला खरोखर जे बोलायचे आहे ते. या टेकडीवर येणारे बहुतेक लोक भट्टी पाहतात, धुराड्यासमोर उभे राहून छायाचित्र घेतात आणि परत जातात. ज्या तटावर बसून ते डबा खातात तो तट आहे, हे त्यांच्या लक्षातच येत नाही. दगड आणि वीट स्वतःची ओळख स्वतः सांगतात. मातीकामाला मात्र ओळखणारा माणूस लागतो, आणि तो नसेल तर दोन हजार वर्षांचा तटही शेताच्या बांधासारखा सपाट होतो. मातीकाम पाहायला आपण शिकले पाहिजे, असे मला कळकळीने वाटते. आपले अनुभव आणि मते वाचायला आवडतील.

घाटमाथा :

लेख अतिशय आवडला. दोन प्रश्न आहेत. पहिला असा, की साधी नैसर्गिक उंचवट्याची कड आणि माणसाने घातलेला तट यांतला फरक जागेवर कसा ओळखायचा? आमच्याकडे किल्ल्यांवर निदान दगडी बांधकाम तरी दिसते. दुसरा प्रश्न थोडा बोचरा आहे. पूर्वेचे आणि दक्षिणेचे कडे खाणीने कापले असतील, तर तेथला तट कोठे गेला? तो भट्टीतच गेला ना?

पाथरवट :

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तो टाळणे बरोबर नाही. हो, खाणीने टेकडीची मूळ कड मागे खाल्ली आहे, आणि त्या कडेवर जे काही होते ते तिच्याबरोबर गेले. उत्तर आणि पश्चिम बाजूला तट चांगला दिसतो. खाणींच्या अंगाला दुर्गाची मूळ सीमा आता हवेत शोधावी लागते. हे दुःख मी लपवणार नाही.

आता ओळखण्याविषयी. मला जे जमले ते सांगतो. पहिली गोष्ट वेळेची: सकाळी लवकर किंवा हिवाळ्यात दुपारनंतर, ऊन तिरपे असताना जावे. माथ्यावर ऊन असताना जे मैदान सपाट दिसते, तेच तिरप्या उन्हात सावल्यांनी भरून जाते आणि खंदकाची रेघ शाईने ओढल्यासारखी उमटते. दुसरी गोष्ट जोडीची. माणसाने तट घातला असेल तर त्याला लागून माती उकरलेली जागा, म्हणजे खंदक, असायलाच हवा. माती आकाशातून येत नाही. नैसर्गिक कडेला असा सोबती नसतो. तिसरी गोष्ट दिशेची. ऑफाच्या बांधाचा खंदक पश्चिमेला, वेल्सच्या बाजूला असतो आणि शक्य तेथे बांध अशा जागेवरून नेलेला असतो, की त्यावर उभे राहिल्यास पश्चिमेकडचा मुलूख दूरवर दिसावा. लॅनिमिनेकच्या पश्चिम कडेवर उभे राहिले की वर्नवी नदीचे खोरे आणि मागे वेल्सचे डोंगर समोर पसरलेले दिसतात. बांध येथे का आहे, हे तेथे कोणी समजावून सांगावे लागत नाही.

शेवटचे म्हणजे पाय. खंदकात उतरून पुन्हा तटावर चढताना पोटऱ्यांना जो ताण बसतो, तो डोळ्यांपेक्षा खात्रीने सांगतो. इतकी शतके माती ढासळून खंदक अर्धा भरलेला असतानाही दम लागतो. नवा असताना चढणाऱ्याचे काय होत असेल, याचा विचार करावा.

निवळी :

मी गेली काही वर्षे पारंपरिक चुन्याच्या कामात आहे, म्हणून भट्टीविषयी थोडे लिहिते. चुनखडक भाजताना सुमारे ९०० अंश सेल्सियस तापमान लागते. त्या उष्णतेने दगडातील कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे कळीचा चुना राहतो. शुद्ध दगड असेल तर शंभर किलोतून छप्पन किलो चुना हाती येतो. उरलेले चव्वेचाळीस किलो हवेत जातात. भाजलेला खडा आकाराने फारसा लहान होत नाही, मात्र हातात घेतल्यावर तो पोकळ असल्यासारखा हलका लागतो. त्यावर पाणी घातले की तो फुलतो, तडकतो, भांडे हाताला चटका बसेल इतके तापते आणि काही वेळाने पांढरी भुकटी उरते. भिंतीत गेल्यावर हाच चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत ओढून घेतो आणि पुन्हा दगड होतो.

साध्या उभ्या भट्टीत वरून दगड आणि कोळसा यांचे थर घालतात आणि खालून चुना काढतात. त्यात कोळशाची राख चुन्यात मिसळते. हॉफमनची भट्टी निराळी. फ्रीडरिश हॉफमन यांनी १८५८ साली तिचे पेटंट घेतले ते मुख्यतः विटांसाठी. लांबट वर्तुळात एकापुढे एक कप्पे असतात आणि आग एका जागी न राहता कप्प्याकप्प्याने पुढे सरकत राहते. एका कप्प्यात दगड रचला जात असतो, पुढच्यात तो तापत असतो, त्यापुढे जळत असतो, मागे थंड होत असतो आणि त्याच्याही मागे माणसे चुना बाहेर काढत असतात. आत येणारी हवा थंड होणाऱ्या चुन्यावरून जाताना गरम होते आणि आगीतून निघालेला धूर धुराड्याकडे जाता जाता पुढचा दगड तापवून जातो. उष्णता वाया जाऊ न देण्याची ही युक्ती मला फार सुंदर वाटते. कोळशाची भुकटी वरून, छतातील भोकांतून सोडत.

याचा भारताशी खरा संबंध आहे. उत्तर भारतात गावोगावी दिसणाऱ्या उंच धुराड्याच्या वीटभट्ट्या या पद्धतीच्याच वंशातल्या आहेत. १८७६ साली बुल नावाच्या ब्रिटिश अभियंत्याने हॉफमनच्या भट्टीचे छत काढून, ती जमिनीत चर खणून बसवली आणि खर्च कमी केला. आपल्या महाराष्ट्रात मात्र अजूनही बहुतेक ठिकाणी विटा रचून त्यांचीच भट्टी लावतात, म्हणून आपल्याला ते धुराडे ओळखीचे वाटत नाही.

शिंपला :

निवळीताई, छान समजावलेत. आमच्या कोकणात चुनखडक जवळपास नसल्यामुळे शिंपले भाजून चुना करत, आणि देशावर काळ्या मातीतील चुनखडीचे खडे वेचून. सह्याद्रीचा काळा दगड कितीही भाजला तरी चुना देत नाही, ही आपली मोठी अडचण होती. मुंबईतील चुनाभट्टी या वस्तीचे नाव तेवढे उरले आहे, भट्ट्या केव्हाच गेल्या.

मला प्रश्न पडला तो कोळशाचा. टेकडीवर दगड आहे, पण कोळसा नाही. मग तो कोठून येई? आणि इतका चुना जाई कोठे? त्या भागात एवढी बांधकामे होती का?

पाथरवट :

हा प्रश्न विचारल्याबद्दल मनापासून आभार, कारण कालव्याचे महत्त्व यातच आहे. कोळसा कालव्यातून होड्यांनी येई आणि चुना, तसाच कच्चा दगडही, कालव्यातून जाई. हा कालवा, म्हणजे मॉन्टगोमरी कालवा, काढण्यामागचा मुख्य हेतूच चुना होता. मध्य वेल्सची जमीन पावसाने धुपून आम्लधर्मी झालेली असते. तिच्यात चुना घातल्याशिवाय धान्य आणि चारा नीट येत नाही. म्हणून बांधकामापेक्षा शेतीसाठी लागणारा चुना कितीतरी जास्त होता. भाजलेला कळीचा चुना होडीतून नेणे धोक्याचे असते, कारण पाणी लागले की तो तापतो; त्यामुळे पुष्कळदा कच्चा दगड आणि कोळसा दोन्ही होडीने पुढे नेऊन, कालव्याच्या काठावरच्या भट्ट्यांत, म्हणजे शेतकऱ्याच्या जवळ, भाजत. उरलेला दगड लोखंडाच्या भट्ट्यांकडे जाई. तेथे धातुकातील माती वितळवून बाजूला काढायला चुनखडक लागतो.

पुढे १८६० च्या सुमारास रेल्वे आली आणि कालव्याचे काम घटत गेले. १९३६ साली कालव्याची भिंत फुटली आणि ती दुरुस्त झाली नाही. आता काही भाग पुन्हा पाण्याखाली आणला आहे आणि भट्टीजवळच्या धक्क्यावर बदके असतात.

ताम्रपट :

धागा वाचून राहवले नाही. लॅनिमिनेकचे नाव आणखी एका कारणासाठी घेतले जाते. रोमनांविरुद्ध लढणारा कॅराटॅकस हा ब्रिटनमधील नायक इसवी सन ५० च्या सुमारास शेवटची मोठी लढाई हरला. रोमन इतिहासकार टॅसिटस याने त्या जागेचे वर्णन केले आहे: समोर पायी ओलांडता येईल याची खात्री नसलेली नदी, उंच टेकडी आणि सोपी चढण होती तेथे धोंडे रचून केलेला तट. पायथ्याशी वर्नवी असल्यामुळे लॅनिमिनेक या मानाच्या दावेदारांपैकी एक आहे. पण जवळची ब्रेडन टेकडी आणि कॅर कॅराडॉक याही त्याच रांगेत आहेत, तेव्हा कोणी तेथे गेल्यावर छातीठोकपणे सांगू लागला तर हळूच मान हलवावी, इतकेच.

ऑफाच्या बांधाविषयी एक भर घालतो. ऑफाचा काळ ७५७ ते ७९६. त्याने समुद्रापासून समुद्रापर्यंत बांध घातला, असे आल्फ्रेड राजाचा चरित्रकार ॲसर नवव्या शतकाच्या अखेरीस लिहितो. म्हणजे घटनेनंतर शंभर वर्षांनी. मात्र चर्क गावाजवळच्या उत्खननात मिळालेल्या रेडिओकार्बन तारखा ऑफाच्या आधीच्या निघाल्या, त्यामुळे बांधाचा काही भाग त्याच्यापूर्वीच उभा असावा. आधीच्या माणसाचे काम पुढच्याने उचलणे, हे लॅनिमिनेकवर ज्या ठसठशीतपणे दिसते, तेच बहुधा बांधाच्या इतर भागांतही घडले असणार.

त्याच चर्कच्या परिसरात २०१३ साली बांधाचा सुमारे ४५ मीटरचा तुकडा यंत्राने सपाट केला गेला. ते संरक्षित स्मारक आहे हे माहीत होते, असे सिद्ध करता न आल्यामुळे कोणावरही खटला उभा राहिला नाही. पुढे वेल्समध्ये २०१६ साली कायदा बदलून ‘मला ठाऊक नव्हते’ हा बचाव अवघड करण्यात आला. मातीकामाला ओळखणारा माणूस लागतो, हे पाथरवटांचे म्हणणे न्यायालयाच्या दारातही किती खरे ठरते, यासाठी हे सांगितले.

घाटमाथा :

ताम्रपट यांनी दिलेल्या उदाहरणाने माझा मुद्दा अधिकच पक्का होतो. यंत्राने पंचेचाळीस मीटर बांध गेला तर आपण हळहळतो, कायदा बदलतो. खाणीने दुर्गाच्या दोन बाजू खाल्ल्या तर त्याच खाणीला वारसा म्हणून पाटी लावतो. आमच्या भागात दगडखाणींनी टेकड्या अर्ध्या कापल्या आहेत. शंभर वर्षांनी त्या क्रशरलाही कोणी वारसा म्हणणार का? मला हा दुटप्पीपणा वाटतो. राग मानू नये.

पाथरवट :

राग कसला? हा प्रश्न मी स्वतःला अनेकदा विचारला आहे आणि त्याचे उत्तर मला सोपे वाटत नाही.

आजच्या खाणीला उद्याचा वारसा म्हणून सवलत द्यावी, असे मी कधीही म्हणणार नाही. आज आपल्याला तट कोठे आहे ते मोजता येते, नकाशावर घेता येते, कायद्याने राखता येते. हे सगळे हाताशी असताना जो तो खणून काढतो, त्याच्यासाठी माझ्याकडे सबब नाही. पण १८३० साली दोराला लटकून कड्यावर पहार चालवणाऱ्या माणसाला मी त्याच न्यायाने मोजू शकत नाही. त्याच्या खणण्याने खोऱ्यातील शेते पिकली. तोही या टेकडीच्या इतिहासाचा भाग आहे, तांबे काढणारा होता तसाच. आणि नीट पाहिले तर दुर्ग बांधणाऱ्यांनीही टेकडी उकरली, ती तांब्यासाठी आणि तटासाठी. ऑफाच्या माणसांनी दुर्गाचा तट आपल्या कामाला लावला, तेव्हा त्याचे मूळ रूप राहिले नसणार. लॅनिमिनेकवर ‘मूळ’ म्हणून एखादा थर वेगळा काढायला जावे तर हातात काहीच येत नाही.

गेले ते गेले. उरलेल्यापैकी काही जाऊ नये, यासाठी खाण आणि तट एकाच नकाशावर, सारख्याच काळजीने नोंदवले पाहिजेत, एवढा माझा आग्रह आहे. येथे सीमेमुळे टेकडीचा एक भाग वेल्सच्या स्मारक खात्याकडे आणि दुसरा इंग्लंडच्या खात्याकडे जातो. दुर्गाचा मोठा भाग वेल्समध्ये आणि भट्टी इंग्लंडमध्ये. माहितीचे फलकही त्यामुळे आपापल्या बाजूचे सांगतात. चालणाऱ्या माणसाच्या पायाखाली मात्र टेकडी एकच असते.

हिरवाई :

या वादात तिसरा पक्ष राहून गेला, म्हणून लिहिते. मी वनस्पतींची अभ्यासक आहे आणि तीन वर्षांपूर्वी जून महिन्यात येथे जाऊन आले. सोडून दिलेली चुनखडकाची खाण ही फुलांची खाण होते, कारण तेथे माती अतिशय पातळ आणि निकस असते. सुपीक जमिनीत दांडगे गवत बाकीच्यांना दडपून टाकते. येथे त्याचे चालत नाही आणि ऑर्किडसारख्या नाजूक झाडांना जागा मिळते. खाणीच्या तळाशी मी गुडघे टेकून मधमाशीसारखे दिसणारे ऑर्किड पाहिले. पाकळीवरचा तपकिरी मखमली भाग हुबेहूब माशीच्या पाठीसारखा होता आणि मी श्वास रोखून धरला होता, जणू ती उडून जाईल. वर कड्याच्या कपारीत बहिरी ससाणे वीण करतात. हे कडे माणसाने कापले नसते तर त्यांना येथे ही जागा मिळाली नसती.

पण फुले आपोआप टिकत नाहीत. झुडपे कापावी लागतात, जनावरे चारावी लागतात. नाहीतर दहा-पंधरा वर्षांत सगळीकडे झाडोरा माजतो. आणि येथे तटाचे आणि फुलांचे हित एकच आहे. झाडांची मुळे भट्टीच्या सांध्यांत आणि तटाच्या मातीत शिरतात, वादळात झाड उन्मळले की मुळांबरोबर तटाचा लचका निघतो. ससे आणि बिज्जू तटात बिळे करतात, कारण उकरायला मोकळी माती त्यांनाही तेथेच मिळते. गवत आखूड राखले की फुले येतात, तटही दिसतो आणि टिकतो. घाटमाथा यांनी हेही हिशेबात धरावे, अशी विनंती.

निवळी :

हिरवाईताईंनी मुळांचा उल्लेख केला म्हणून एक अनुभव सांगते. आमच्या जिल्ह्यातील एका किल्ल्याच्या दरवाज्याच्या दुरुस्तीवर मी काही दिवस होते. सांध्यांत वाढलेले पिंपळ काढल्यावर ठेकेदाराने तेथे सिमेंट भरले. जुना चुना मऊ असतो, भिंत श्वास घेते, ओल सांध्यातून बाहेर पडते. सिमेंटने सांधा बंद झाल्यावर ओल दगडातून बाहेर पडू लागली आणि दोन पावसाळ्यांत कोरीव दगडाची पापडी सुटली. खाली पन्नास पावलांवर त्या किल्ल्याची चुन्याची घाणी होती. गोल चर, त्यात आडवे पडलेले दगडी चाक. ज्या वस्तूने दरवाजा बांधला तिचा कारखाना समोर असताना कोणाला विचारावेसे वाटले नाही, याचे मला आजही वाईट वाटते. म्हणून चुन्याच्या भट्टीला वारसा मानणे मला अगत्याचे वाटते. भट्टी कळली तर चुना कळतो, आणि चुना कळला तर जुनी भिंत वाचते.

घाटमाथा :

निवळी, तुमच्या या अनुभवाने मी थोडा मागे सरलो आहे. दगडखाणींविषयीचे माझे मत कायम आहे, पण भट्टीविषयीचे बदलले. घाणी आमच्या जवळच्या किल्ल्यावरही आहे. मुले त्या चाकावर उभी राहून छायाचित्रे काढतात आणि मीही कधी त्यांना ती कशाची आहे हे सांगितलेले नाही.

दूरस्थ :

मी बर्मिंगहॅमला असतो. पुढील महिन्यात आई-बाबा नाशिकहून येत आहेत. बाबा सिव्हिल इंजिनिअर होते, त्यांना हे नक्की आवडेल. पण आईचे गुडघे दुखतात. दोघांना घेऊन जाता येईल का? आणि क्रम कसा ठेवावा?

पाथरवट :

जरूर न्या. आईंसाठी भट्टीचा परिसर आणि कालव्याचा काठ पुरेसा आहे. तो जवळजवळ सपाट आहे आणि गावातून थोड्याच चालण्यावर आहे. भट्टीच्या बाजूच्या कमानींतून आत डोकावता येते. तेथे बाबांना विटांच्या कमानीच्या आतल्या अंगाकडे पाहायला सांगा. काही विटांचे तोंड उष्णतेने वितळून मडक्याच्या झिलईसारखे चकचकीत झाले आहे आणि छताच्या सांध्यांतून चुन्याचे पांढरे ओघळ उतरले आहेत. छतातील कोळशाच्या भोकातून उजेडाचा कवडसा खाली पडतो. मी तेथे पाच मिनिटे म्हणून थांबतो आणि अर्धा तास जातो.

वर जायचे असेल तर बाबांबरोबर तुम्ही जा. जुन्या रुळांच्या उतारानेच वाट चढते. मध्ये रहाटाचे घर लागते, त्यातून पुढे खाणीच्या तळावर पोहोचता. तेथून ऑफाच्या बांधाची २८५ किलोमीटर लांबीची पदयात्रेची वाट टेकडीवरून जाते, तिच्या खुणा पाहत पश्चिम कडेपर्यंत जावे. गोल्फच्या मैदानाजवळून जाताना चेंडूकडे लक्ष असू द्यावे. ओगोव्हमध्ये मात्र शिरू नये. आत उभ्या चढणी आहेत आणि वटवाघळांची वस्ती आहे, त्यांना त्रास होतो.

शक्य झाल्यास दुपारी तीननंतर चढा. कडेवर पोहोचल्यावर ऊन वेल्सच्या बाजूने येत असेल. तेव्हा बाबांना खंदकात उभे करा आणि तुम्ही तटावर उभे राहा, म्हणजे उंची किती हे त्यांना स्वतःच्या मानेवरून कळेल. थर्मासमध्ये चहा न्यावा, वर काहीही मिळत नाही.